मिरानी किल्ल्याखालची प्रार्थना

बाळांनो, तुम्ही पोर्तुगालमधल्या तुमच्या गावाचे फोटो पाठवलेत. टेकडीवरचा किल्ला, दोन चर्च आणि रस्त्याच्या कडेचं ते एका खोलीएवढं चॅपल. तसंच एक चॅपल पोर्तुगीजांनी इथे मस्कतलाही बांधलं होतं. मी ते आतून पाहिलेलं नाही.

जुन्या मस्कतच्या बंदरावर दोन कडे आहेत. एकावर जलाली, दुसऱ्यावर मिरानी. दोन्ही किल्ले पोर्तुगीजांच्या हातून गेले, त्यालाही शतकं लोटली. चॅपल आहे ते मिरानीत. जवळच आपलं शंकराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की किल्ल्याच्या भिंती दिसतात, पण आत चॅपल आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं शेजारणीनं.

मस्कतमधल्याच दार्सैत भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. त्यातले यजमान इलेक्ट्रिशियन होते. मिरानीत दिवे बसवायच्या कामावर असताना जेवणाच्या सुट्टीत ते त्या चॅपलमध्ये जाऊन उभे राहत. घरी आल्यावर बायकोला सांगत, आपल्या वसईच्या किल्ल्यातल्या चर्चसारखंच आहे, फक्त याला छप्पर आहे. एकदा तुला दाखवतो. ते राहूनच गेलं. मागच्या वर्षी हृदयविकारानं ते वारले. यंदा मुलाची इथली नोकरी संपली आणि मायलेक कायमची वसईला निघाली. जाण्याआधी त्या चॅपलमध्ये नवऱ्यासाठी एकदा प्रार्थना करायची, एवढीच बाईंची इच्छा होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही दोघी टॅक्सीनं गेलो. मी पिशवीत पाणी, छत्री, बिस्किटं, बसायला चटई असं सगळं घेतलं होतं.

"ताई, किल्ला बघायला चाललोय की मुक्कामाला?" त्या म्हणाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यांना थट्टा सुचली होती.

किल्ल्याच्या फाटकावर एक तरुण ओमानी रखवालदार होता. आत दुरुस्ती चालू आहे, कुणालाही सोडता येत नाही, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. माझे यजमान इथेच कामाला होते, असं बाईंनी सांगितल्यावर त्यानं कुणाला तरी फोन लावला. उत्तर तेच आलं. काम झालं की या, इन्शाल्ला, असं तो अगदी नरमाईनं म्हणाला.

"तेव्हा मी नसेन रे बाबा," बाई मराठीतच म्हणाल्या.

त्याला ते कळलं असावं. त्यानं भिंतीच्या सावलीकडे हात केला आणि स्वतः दूर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी चटई अंथरली. बाईंनी डोक्यावर पदर घेतला, माळ काढली आणि भिंतीकडे तोंड करून रोझरी सुरू केली.

रोझरीत प्रार्थनेचा पहिला भाग बाईंनी म्हणायचा आणि उरलेला नवऱ्यानं, अशी त्यांच्या घरची रीत. नवरा गेल्यापासून दोन्ही भाग त्याच म्हणत. त्या दिवशी पहिला भाग संपला आणि त्यांना पुढे बोलवेना. मणी बोटांत तसाच राहिला.

मग दुसरा भाग मी म्हटला. मला तो येतो हे मलाच तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं दिवेलागणीला देवापाशी बसले की भिंतीपलीकडून तो ऐकू यायचा.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पुढचा मणी धरला. त्या म्हणत गेल्या, मी उत्तर देत गेले. मध्येच देवळातली घंटा वाजली तेव्हा त्या थांबल्या, ती शांत झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. माळ पुरी झाली.

चटईची घडी घालताना त्यांनी विचारलं, "ताई, त्यांचा आवाज तुमच्या घरात ऐकू यायचा?"

"रोज," मी म्हणाले. "शब्द न् शब्द."

त्यांनी चटईचं टोक माझ्या हातातल्या टोकाला जुळवलं. मग म्हणाल्या, चला, सामान बांधायचं राहिलंय.