कार्डाचा वाटा

निवृत्त पोलीस भेटला की लोक खून आणि दरोडे विचारतात. मीही रंगवून सांगतो. पण एकटा बसलो की मनात येतं ते सातपाटीचं प्रकरण. त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, आरोपीही निर्दोष सुटला, तरी मला आजवर त्याची लाज वाटते.

तेव्हा मी पालघर तालुक्यातल्या एका किनारी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. महिन्याभरापूर्वीच दामदुप्पट योजना चालवणारा एक इसम आमच्या हातावर तुरी देऊन पसार झाला होता. मी 'अर्जाची चौकशी सुरू आहे' असं लिहीत बसलो आणि तो गाशा गुंडाळून गेला. वरिष्ठांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी माझी गत झाली होती.

अशात एका सकाळी ठाणे अंमलदाराने कडक इस्त्रीतल्या एका माणसाला माझ्यासमोर आणलं. त्याची मावशी सातपाटीला मासे विकायची. सरावलीत राहणारा एक वायरमन वर्षभर तिच्याकडून आणि इतर बायकांकडून दर बाजाराला माशांचा एक वाटा घेतो, असं त्याचं म्हणणं. कसलंसं कार्ड बनवायच्या नावाखाली. पावती नाही, वही नाही.

"आणि साहेब, त्या कार्डाच्या जोडणीचा नकाशा त्याने इंटरनेटवर फुकट टाकलाय," तो म्हणाला. "जी वस्तू फुकट, तिच्यासाठी वर्गणी कसली?"

हा प्रश्न मला पटला. 'आधी मावशीला घेऊन ये' एवढंच मी म्हणायला हवं होतं. ते न म्हणता मी गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच गाडीत घातले आणि सातपाटी गाठली.

गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. आत मांडणीवर बोंबील आणि जवळा वाळत होता. भिंतीवर तळहाताएवढं हिरवं कार्ड, त्यावर लुकलुकणारा दिवा. खोलीतली ऊब आणि दमटपणा बघून ते पंखा आणि हीटर आपोआप चालू-बंद करायचं. वायरमन तिथेच होता. चाळिशीचा, मूळ पालघरजवळच्या माहीमचा, घरी पानवेलीची वाडी. तारापूरच्या कारखान्यांत वीस वर्षं पॅनेल दुरुस्त करत आलेला.

हवालदाराने कार्डाला हात घातला तसा तो हात जोडून आडवा आला. "साहेब, मला न्या. पण ह्याला हात नका लावू. फक्त आठ दिवस राहिलेत."

नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. 'मला न्या, पण माल ठेवा' असं जो म्हणतो, त्याच्या मालातच पाणी मुरतंय. मी स्वतः प्लग ओढला. दिवा विझला. कार्ड कापडात गुंडाळून लाखेने मोहोरबंद केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. वेळ लिहिली, सकाळचे अकरा चाळीस. मग सरावलीला त्याच्या खोलीची झडती घेतली. अख्खी चाळ बघत होती.

ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"पावत्या कुठायत?"

"माशाच्या वाट्याची पावती कोण देतं साहेब? बायका बाजारात शेवटचा एक वाटा बाजूला ठेवतात. गिऱ्हाइकाला सांगतात, ह्यो कार्डाचा, ह्याचा भाव करायचा नाय. ते पैसे सामानाला जातात."

"आणि नकाशा फुकट वाटलास तो?"

"कंपनीचं कार्ड बिघडलं की नकाशा देत नायत. सगळं नवीन घ्या म्हणतात. कारखान्यांना परवडतं, ह्या बायकांना कसं परवडणार? म्हणून मी उघडं ठेवलं. उद्या मी नसलो तरी कोणीबी दुरुस्त करील. कुलूप नाय लावलं म्हणून चोर झालो का साहेब?"

मी टेबलावर हात आपटला. गोडबोल्या ठगांचा मला वीट आला होता आणि हाही मला त्यांच्यातलाच वाटला. त्या आठ दिवसांचंही त्याने सांगितलं. पुण्याची एक संस्था आणखी कार्डं बनवायला पैसे देणार होती. अट एकच, हे पहिलं कार्ड सुकवणीचा सगळा हंगाम न थांबता चाललं पाहिजे. दर दहा मिनिटांची नोंद ते तिकडे बसून बघत होते. मी हे सगळं त्याच्या जबाबात शब्दशः लिहिलं आणि पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी त्या मावशीचा जबाब घ्यायला महिला पोलिसाला पाठवलं. मावशी आली ती सहा जणींना घेऊन, डोक्यावरच्या पाट्यांसकट. ठाण्यात सुकटीचा वास भरून राहिला.

"कुनी सांगितलं तुमाला, आमी फसलो म्हनून?" ती उभ्यानेच बोलली. "माझा भाचा? तो असल्याच कामाची कंपनीची पॅनेलं विकतो. आमच्याकडं बी आलता, आमी नको म्हनलं. अवकाळीत आमची समदी सुकट कुजली, तवा हा मानूस दारात आला. वाटा आमी आमच्या मनानं दिला हाय."

तिने पाटीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. कार्डाचा नकाशा. तिच्या सुनेने बोट ठेवून मला दाखवलं, हा पंख्याचा भाग, हा हीटरचा, इथली तार सुटली तर अशी जोडायची. ज्याला फसवायचं त्याच्या हातात असा कागद कोणता ठग देईल?

भाच्याला बोलावलं. दहा मिनिटांत तो पोपटासारखा बोलू लागला. सातपाटीत पॅनेलं खपली असती तर त्याला कमिशन मिळणार होतं.

वायरमनला सोडलं. तक्रार खोटी असल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला. पण जप्त मुद्देमाल न्यायालयाच्या हुकुमाशिवाय परत देता येत नाही. मग मी स्वतः पुण्याच्या संस्थेला फोन केला. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते.

"नोंदी माझ्यासमोरच आहेत," ते म्हणाले. "इतके महिने एकदाही खंड नाही. शेवटची नोंद अकरा चाळीसची. मी पुन्हा विचारून बघितलं, पण पोलीस प्रकरण म्हटल्यावर विश्वस्त मागे सरले."

मी पंचनामा काढून बघितला. वेळ तंतोतंत जुळत होती.

हुकूम आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. मुद्देमालाच्या खोलीत ओल होती. मोहोर फोडली तर कार्डाच्या तांब्यावर हिरवा कळंक चढलेला. वायरमनने ते उलटसुलट करून बघितलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "सही कुठं करू?"

झडतीनंतर चाळमालकाने त्याची खोली काढून घेतली होती. कारखान्यांनीही कामं देणं बंद केलं होतं. बायका पुन्हा वाटा काढायला तयार होत्या, पण त्याचंच मन उडालं. तो वापीला गेला आणि एका कंपनीत लागला. तिथे तो तसलीच पॅनेलं जोडतो, ज्यांचा नकाशा कुणाला मिळत नाही.

ज्याची फसवणूक झाली म्हणतात त्याला आधी विचारावं, मग आरोपीकडे वळावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितलं. त्यांना ते साधं वाटायचं. आहेच साधं. मला ते कळायला एक माणूस खर्ची पडला.

निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात सातपाटीच्या बाजारात गेलो. मावशीने ओळखलं. नकाशा उघडा असल्यामुळे दक्षिणेकडच्या एका गावाने तेच कार्ड बनवलं आणि त्यांची सुकवणी चालू आहे, हे तिने अभिमानाने सांगितलं. सातपाटीच्या त्या पत्र्याच्या खोलीत मात्र आता जाळी ठेवतात.

मी बोंबील घेतले आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे पुढे केले. "ह्यात कार्डाचा वाटा धरा," म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "नकाशा हाय साहेब. पन वाटा आता द्यायचा कुनाला? मानूस तुमी नेला."

तिने बोंबील पिशवीत भरले आणि जास्तीचे पैसे परत माझ्या हातावर ठेवले.