कपाटाएवढ्या टीव्हीची चोरी

कपाटाएवढा टीव्ही चोरीला गेल्याची ती फिर्याद निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. वसमतच्या बाजूला एका ठाण्याचा मी इनचार्ज होतो. नावं सांगणार नाही. माणसं अजून तिथंच नांदतायत.

फिर्यादी आणि त्याचा मेहुणा भागीदारीत एक हॉल चालवायचे. दुपारी व्हिडिओ गेम, संध्याकाळी पिक्चर. त्यासाठी त्यांनी नांदेडहून हाय डेफिनिशनचा प्रोजेक्शन टीव्ही आणला होता. साधा टीव्ही मोठ्यात मोठा घेतला तरी मागच्या बाकांना दिसत नव्हता. भिंतीवर टांगायचा पातळ टीव्ही खिशाला झेपणारा नव्हता. उरला हा, आतूनच पडद्यावर चित्र फेकणारा. "समोर बसूनच बघावं लागते साहेब, बाजूनं काळा दिसते. पण गेमला बी चांगला, पिक्चरला बी चांगला," फिर्यादी सांगत होता.

पंचनाम्याला गेलो तर कुलूप शाबूत. ओळखीची काही खूण विचारली, तर म्हणे, "खूण कशाची? नवाच होता."

संशय कुणावर, म्हटल्यावर मेहुणाच पुढं सरसावला. "टेम्पोवाला साहेब. डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचा. नांदेडहून त्यानंच आणला. एकदा हॉलची चावी बी त्याच्याकडं होती."

हवालदार जीप घेऊन भरदुपारी तांड्यावर गेले. त्या दिवशी टेम्पोवाल्याच्या मुलीची सोयरीक पक्की करायला पाहुणे आले होते. त्यांच्या देखत त्याला जीपमध्ये बसवलं.

चौकशीत तो एकच सांगायचा. "साहेब, त्यो टीव्ही माझ्या गाडीत एकदाच चढला, येताना. पोरीची सोयरीक मोडते ओ." उलटसुलट विचारलं, दमात घेतलं, तरी जबाब तोच. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी पदरचं घालतो, हा माझा अनुभव. ह्या माणसानं एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही. मला तो चोर वाटेना, पण टीव्ही सापडेपर्यंत ते म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं.

मग खबर आली. बाजारात शेळ्या विकणारा माझा एक खबऱ्या म्हणाला, "साखरा गावात एका बागायतदाराच्या घरी रोज पिक्चर लावून राहिले साहेब. पडदा दाराएवढा. पन गंमत अशी, बाजूला जागा रिकामी अन् समदे मधीच दाटून बसते."

"काहून?"

"बाजूनं काळं दिसते म्हनते."

मी तसाच उठलो. फिर्यादीला सोबत घेतलं आणि साखरा ज्यांच्या हद्दीत, त्या ठाण्याला कळवून पंचांसह पोचलो. बागायतदार तोऱ्यात होता. "माझा टीव्ही हाय. हैदराबादहून आणला." मागची नंबराची पट्टी खरवडलेली होती. फिर्यादी टीव्हीभोवती दोनदा फिरला, पण हाच आपला असं ठाम सांगेना.

मी टीव्ही लावायला सांगितला. सीडी न घालता नुसता निळा पडदा आला, आणि उजव्या कोपऱ्यात फिकट गोल दिसला. आत आकडे, मधोमध काटा. गाडी पळवायच्या गेममध्ये वेग दाखवतात ना, तो. मी फिर्यादीकडं बघितलं.

त्यानं मान खाली घातली. "साहेब, गेमचं एकच चित्र लई वेळ ठेवू नका, डाग पडते, असं दुकानदार बोलला होता. मी ऐकलं न्हाई. मेहुण्याला कळलं असतं तर त्यानं गेमच बंद केले असते."

पंचांनी डाग पाहिला. बागायतदाराचा तोरा उतरला आणि विकणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं. मेहुणाच.

मेहुण्याला मी दरडावलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "टीव्ही पसंत कुणी केला होता?" माणूस भडाभडा बोलू लागला. "मी केला साहेब, पिक्चरसाठी. ह्यानं दिवसभर गाड्या पळवून पडदा जाळला. डाग मला कवाच दिसला होता. अजून थोडे दिवस थांबलो असतो तर कुणी फुकट बी नेला नसता." आणि टेम्पोवाल्याचं काय, त्याची पोर, मी विचारलं. त्याचा त्यानं विचारच केला नव्हता. त्याची मला भयंकर चीड आली.

टेम्पोवाल्याला म्हटलं, सुटलास, जा घरी. तो जागचा हलेना.

"साहेब, मला न्यायला जीप आली ती समद्यांनी बघितली. आता पायी गेलो तर लोक म्हनतील, जमानत झाली. पोचवायला बी जीपच येऊ द्या."

त्याचं बराबर होतं. त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि मी स्वतः गेलो, तांड्यावर आणि तिथून व्याह्यांच्या दारातही. सगळ्यांसमोर सांगितलं, ह्या माणसाचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही, खरा चोर सापडला. मुलाचा बाप ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, चोर घावला नसता तर?"

तोच पुढं बोलला, "तर आमी सोयरीक मोडलीच असती." आणि टेम्पोवाल्याकडं वळून, "व्याही, उभे काहून? बसा की." टेम्पोवाला बसला आणि पटक्यात तोंड घालून रडला.

माणसाला संशयावरून आणायची रीत आम्हाला पाठ असते. संशय उतरवून परत द्यायची रीत कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, ती त्या टेम्पोवाल्यानं मला शिकवली. पुढं निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला मी दिवसाढवळ्या, जीपमध्ये पुढं बसवून घरी पोचवलं. एका साहेबांनी विचारलं, ह्यांच्यासाठी सरकारी डिझेल कशाला जाळता? मी म्हटलं, आणायला जाळलं होतं साहेब, तेवढंच.