आभाळाची भिशी

आमच्या गल्लीतल्या भिशीचा नवा नियम मीच सुचवला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचं श्रेय घ्यायला दुसरं कुणी तयार झालं नाही.

नांदेडात गोदावरीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठाला आमची गल्ली. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि मागं आम्ही. गिरणीची मोटार नवरा चालवतो आणि नवऱ्याला मी. त्या वर्षी आमची मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करत होती. गल्लीची ज्वारी आणि गहू आम्ही इथं दळायचो, त्यातून तिकडं तिची खोली, मेस आणि क्लासचा हप्ता निघायचा. गिरणी थांबली तर लातूर थांबणार, इतका सरळ हिशोब होता.

भिशी बायकांची. दर महिन्याला प्रत्येकीनं दोन हजार द्यायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळे उचलायचे. शाळेतून रिटायर झालेल्या बाई खजिनदार. आदल्या वर्षी वादळात गल्लीच्या टोकाच्या घराचे पत्रे उडाले आणि त्याच आठवड्यात चिठ्ठी निघाली बँकेतल्या साहेबांच्या बायकोची. त्यांनी भिशी उचलली आणि तिरुपतीला गेल्या. पत्रे उडालेल्या वहिनींना प्रसादाचा लाडू मिळाला.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "चिठ्ठीला काय कळतंय? ज्या घरावर आभाळ कोपलं, त्या घरानं त्या महिन्याची भिशी उचलायची. कुणावरच न्हाई कोपलं, तर काढा चिठ्ठी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदा उचलली की वर्षभर पुन्हा नाही, एवढी भर बाईंनी घातली. आता ऊन, वारा, पाऊस, गारा काहीही येवो, गल्लीचा संसार सुरक्षित, असं मला वाटलं. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते.

मे महिन्यात पहिला दावा आला, तो कूलरचा. ऊन असं होतं की दुपारी नळाच्या पाण्यात चहा व्हावा. तरी बँकवाल्या वहिनींनी विचारलंच, "गेल्या वर्षी कूलर नव्हता, तर माणसं मेली का?"

"मेली न्हाईत, पण लई भांडली," कूलरवाली म्हणाली. "सासूबाईंचं डोकं तापतंय अन् मी भोगून राहिले."

सासूबाई स्वतः ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्यांनीही मान डोलावली आणि कूलर मंजूर झाला.

मग कुरडयांचा खटला. गच्चीवर वाळत घातलेल्या वर्षभराच्या कुरडयांवर अवकाळी पाऊस पडला होता. नुकसान आभाळानंच केलं, यात शंका नव्हती. पण बाई म्हणाल्या, ढग दिसत असताना वाळत घातल्या कामून? त्यावर दोन तास वाद झाला. शेवटी भिशी मिळाली नाही, प्रत्येकीनं घरातल्या मूठभर कुरडया दिल्या. त्या इतक्या जमल्या की तिनं त्यातल्या काही विकल्या म्हणतात.

हळूहळू गल्लीची नजरच बदलली. पूर्वी वारा सुटला की बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या. आता आधी मोबाइल काढायच्या, पुरावा म्हणून. कुणाची भिंत ओली झाली की शेजारीण कौतुकानं बघायची. मी तरी कुठं वेगळी होते? क्लासचा दुसरा हप्ता जवळ आला होता आणि मी आमच्या पत्र्याकडं आशेनं बघत होते. हा पत्रा वर्षानुवर्षं उडू उडू करत आला होता आणि नेमका त्याच साली तो शहाण्यासारखा वागायला लागला. मी नवऱ्याला म्हटलं, वरचे दगड जरा जास्तच झालेत.

तो म्हणाला, "पत्रा उडला तर पोरीचा हप्ता निघंल. मग पाऊस गिरणीत पडंल, त्याचा हप्ता कोण देईल?"

क्वचित बोलतो, पण बोलला की गप्प करतो. शेवटी इकडून तिकडून जमवून आम्ही हप्त्याचे पैसे मुलीच्या खात्यावर टाकले. शेवटची तारीख लांब होती, पण हातातले पैसे खर्च होण्याआधी तिच्याकडं गेलेले बरे, असा माझा विचार.

त्यानंतर दोनच दिवसांनी आभाळ कोपलं. एकट्यादुकट्यावर नाही, सरसकट.

वरच्या बाजूला पाऊस थांबत नव्हता, धरणाचे दरवाजे उघडले, नदी फुगली आणि तिनं नाला उलटा ढकलला. सकाळी चहा ठेवला होता, तो प्यायची सवड मिळाली नाही. म्हातारी माणसं आणि दळणाचे डबे घेऊन आम्ही शाळेत गेलो. डबे लोकांचे होते, ते आधी उचलले. मोटार जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेली, ती तिथंच राहिली.

पाणी ओसरल्यावर घाई नडली. नवऱ्यानं मोटार नीट वाळू दिली नाही. बटण दाबलं, मोटारीनं एक हुंकार दिला आणि घरभर जळका वास पसरला. मिस्त्री आला, बघून म्हणाला, "हिची जळलेली तार पुन्हा भरण्यात पैसे घालू नका. नवीच घ्या."

भिशीची बैठक मारुतीच्या ओट्यावर भरली. त्या महिन्याचे हप्ते नुकतेच गोळा झाले होते आणि बाईंनी ती पिशवी पोटाशी धरून पुरातून वाचवली होती. सगळ्याजणी फोटो घेऊन आल्या. कुणाचा फ्रिज आडवा तरंगताना, कुणाच्या गाद्या, कुणाचं गव्हाचं पोतं फुगून फाटलेलं. मी जळक्या मोटारीचा फोटो पुढं केला. तो काही उठून दिसत नव्हता.

बाईंनी पंचनामा करायचं ठरवलं. आम्ही सगळ्या मिळून सगळ्यांच्या घरी गेलो. जिथं जाऊ तिथं भिंतीवर चिखलाची रेघ एकाच उंचीवर. बँकेच्या साहेबांकडं तेवढीच, पत्रेवालीकडं तेवढीच. पाण्यानं कुणाचाही मान ठेवला नव्हता. परत ओट्यावर येऊन बसलो. मग बाईंनी पिशवी उघडली आणि समान वाटणी केली.

माझ्या हातात दोन हजार आले. मी दोन हजार दिले होते, माझेच मला परत मिळाले. अशी इमानदार विमा योजना देशात दुसरी नसेल. मी हसले आणि मग घरी येऊन ओल्या पोत्यावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पैसे आल्याची खबर आली. मागोमाग मुलीचा फोन.

"आई, हप्त्याचे पैसे परत टाकलेत. मोटार घ्या."

"तुला कुणी सांगितला हा आगाऊपणा? हप्ता भर आधी."

"गिरणी बंद राहिली तर पुढच्या महिन्याची मेस कशावर भरशील?"

"ते मी बघते. पैसे उलट पाठवते."

"पाठव. मी पुन्हा टाकते."

तिच्या लातुरात पाणी घरात शिरत नाही, टँकरनं विकत आणावं लागतं. आमच्या अख्ख्या संसारात कोरडी राहिलेली रक्कम तेवढीच होती, आणि तीच आता आभाळानं केलेलं नुकसान भरायला निघाली होती. मी तिला खूप बोलले. माझा राग तिच्यावर नव्हता, तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणून राग येत होता. नवरा मोटार आणायला गेला.

दसऱ्याला मुलगी घरी आली. भिशीची बैठक त्या वेळी आमच्या दारात भरली, कारण गिरणी सुरू झाली होती आणि सगळ्याजणी दळण घेऊन तिथंच यायच्या. आपलं कुठं चुकलं, ते बाईंनी समजावलं. आपण सगळ्याजणी एकाच पाण्यात उभ्या. एक बुडताना दुसरीनं हात द्यायचा, तर दुसरी कोरडी पाहिजे. यापुढं भिशीत बाहेरगावच्या बायका घ्यायच्या.

मग नावं सुरू झाली. कुणाची नणंद उदगीरला, कुणाची बहीण रेणापूरला. तेवढ्यात कूलरवाली म्हणाली, "लांब कशाला जायचं? हिची पोरगी हाय की लातूरला. तिच्या नावानं एक हप्ता धरा. आपण बुडालो तरी ती कोरडी."

सगळ्यांना ते फार आवडलं. मी पदराला लागलेलं पीठ झटकत राहिले.

"वहिनी, बोला की," बाई म्हणाल्या.

मी आत गिरणीकडं बघितलं. मग कूलरवालीनंच आत तोंड करून हाक दिली, "ए पोरी, दसरा झाला की कधी निघालीस लातूरला?"

गिरणीचा आवाज बंद झाला. आतून मुलगी म्हणाली, "मी न्हाई जाणार, काकू. पुढचा डबा कुणाचा हाय?"