धर्माजीचा रिकामा तलाव

तलाव रिकामा ठेवण्यासाठी नेमलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. धर्माजी असा माणूस होता, आणि त्यात काही विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नाही. विचित्र वाटायला लागलं ते पुढे, लोक तलावावर यायला लागले तेव्हा.

खाडीकाठचं ते गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं फार लवकर रुसतात. सत्तावीस सालच्या श्रावणात तिथल्या बाजारात कमरेएवढं पाणी शिरलं. वरून डोंगरातला ओढा फुगून आला, खालून उधाणाची भरती चढली, आणि दोघांची गाठ पडली ती नेमकी खालच्या आळीत. वखारीतला भात सडला, गुळाच्या ढेपा विरघळल्या, दोन म्हशी वाहून गेल्या. मग म्युनिसिपालटीने गावाच्या वरच्या अंगाला बांध घालून तलाव केला. भरती असताना ओढ्याचं पाणी तिथे अडवायचं आणि ओहोटी लागली की दार उघडून खाडीत सोडून द्यायचं. दाराला लोखंडी चाक, चाकाला कुलूप, आणि कुलपाची चावी धर्माजीच्या करगोट्याला.

धर्माजीसारखा माणूस शोधूनही मिळाला नसता. तो खारातला, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या भातशेतीतला. समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खारबांधाला जी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. त्याच्या आज्याने उघाडी राखली, बापाने राखली, त्यानेही वीस वर्षं राखली. घड्याळाशी त्याचा संबंध नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढं त्याला पुरत होतं. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. म्युनिसिपालटीच्या ओव्हरसियरने पहिल्या दिवशीच त्याला बजावलं, "हा तलाव भरून ठेवलास तर फुकट. रिकामा असेल तरच कामाचा." धर्माजीला ते लगेच पटलं. गळतीखाली भरलेलं भांडं ठेवून काय उपयोग?

दोन पावसाळे असे बिनबोभाट गेले. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी गुप्ते वकील बायकामुलांसह आणि क्लबातल्या आठ-दहा मंडळींसह बांधावर आले. जाजम अंथरलं, स्टोव्ह पेटवला, बाजाची पेटी काढली. धर्माजी बांधावरच्या आपल्या झोपडीच्या दारातून बघत राहिला. खारात माणसं बांधावर जेवायला बसतात ती वर्षातून एकदाच. बांधाच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा असतो त्या दिवशी. गावच्या मंडळींना आपणहून राखणीची आठवण झाली, याचं त्याला मनापासून बरं वाटलं. त्याने आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि नारळ घेऊन जाजमाच्या कडेला अदबीने उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. वकिलीणबाईंनी त्याच्या हातावर दोन थालीपिठं ठेवली, तरी तो हलेना.

"काय रे, काय हवंय?" वकिलांनी विचारलं.

"सायेब, कोंबडा कवा कापायचा?"

वकिलीणबाईंचं उलथणं तव्यावरच थांबलं. "अगं बाई! श्रावणात कोंबडा?"

"राखणीचा वं. बांधाची राखण ना ही?"

"अरे, आम्ही सहलीला आलोय," वकील हसत म्हणाले. "मोकळी हवा खायला. जरा पाणी बघायला."

"पानी बघायला?" धर्माजीने वळून तलावाकडे पाहिलं. मधोमध घोटाभर गढूळ पाणी होतं आणि त्यात तीन म्हशी बसल्या होत्या. "पान्याला काय झालं?"

यावर मंडळी जी हसली, ती पेटीचा सूर लागेपर्यंत हसत होती. धर्माजीने नारळ परत नेला. पाण्याला काहीच झालेलं नसताना ते बघायला का यायचं, हे त्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना. खाडीवरची कोळीण पाणी बघते ती होड्या परतायच्या म्हणून. शेतकरी बघतो ते लावणी अडलीय म्हणून. हे लोक नुसतेच बघत होते, आणि बघून खूश होत होते.

पुढच्या वर्षी तर सहलीचं वेडच लागलं. क्लबाने एका कोळ्याकडून लहानशी होडी आणवली, तिला निळा रंग दिला आणि बांधाला बांधून ठेवली. आता होडी आली म्हणजे पाणी हवं. श्रावण सरता सरता म्युनिसिपालटीचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला आणि त्यानेच ती वाचून दाखवली: रविवारच्या सहलीसाठी तलावात चार फूट पाणी राखून ठेवावे.

धर्माजीने बोटं मोजली. रविवारी अमावास्या. पिठोरीचं उधाण. सव्वाअकराला भरती.

त्याची एकुलती एक लेक राही खालच्या आळीतच राहत होती. नवरा मुंबईला गिरणीत. आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच, शेजारच्या भागुबाईच्या भरवशावर झालेलं. पोर आठ दिवसांचं, राही बाजेवर, बाजेखाली शेगडी, आणि उंबरा रस्त्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच. सत्तावीस साली त्या घरात पाणी बाजेच्या वर चढलं होतं.

तो तसाच वकिलांकडे गेला. वकील म्युनिसिपालटीच्या कमिटीवर होते.

"सायेब, त्या दिशी तलाव भरलेला नको. वरनं पाऊस आला तर पानी आळीत जाईल. तुमची वखार बी तितंच हाय."

"धर्माजी, गेल्या तीन वर्षांत आळीत पाणी आलं का?"

"न्हाय."

"एकदा तरी?"

"न्हाय, सायेब."

"मग?"

आता हे उत्तर त्याच्या बाजूचं होतं की विरुद्ध, हेच धर्माजीला कळेना. पाणी आलं नाही ते तलाव रिकामा होता म्हणून. हे त्याला लख्ख माहीत होतं, पण वकिलांनी विचारलं की तेच उलटं होऊन बाहेर पडत होतं. परतताना त्याला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, वखार त्यांची स्वतःची आहे, ती बुडवायलाही तयार आहेत, म्हणजे आपल्याला न कळणारं काहीतरी त्यांना कळत असणार. मग राहीची बाज डोळ्यांसमोर आली आणि तो आणखीच गोंधळला.

शनिवारपर्यंत त्याने चिठ्ठीप्रमाणे पाणी राखलं, पण रविवारी तांबडं फुटायच्या आत, ओहोटी तळाला असताना चाक फिरवलं. भीती वाटत नव्हती असं नाही. चाक फिरवताना तो सारखा गावच्या वाटेकडे बघत होता. सूर्य वर येईतो तलावाचा तळ उघडा पडला.

आठ वाजता मंडळी आली. निळी होडी चिखलात कलंडली होती. वकील एवढे संतापले की त्यांचा उपरण्याचा पदर सारखा खांद्यावरून घसरत होता. "तुला चिठ्ठी वाचून दाखवली होती ना? मग? कुणाच्या परवानगीने सोडलंस पाणी?" धर्माजीने मान वर करून पाहिलं. आभाळ तेव्हा स्वच्छ होतं, आणि स्वच्छ आभाळाखाली त्याला स्वतःचंच म्हणणं खुळ्यासारखं वाटू लागलं.

नऊच्या सुमारास पलीकडचे डोंगर दिसेनासे झाले. मग पाऊस आला तो असा, की बायका-मुलं जाजमं डोक्यावर घेऊन धर्माजीच्या झोपडीत घुसली. भरती चढत चालली होती, धर्माजीने दार बंद केलं. ओढा लाल होऊन उसळत तलावात येऊ लागला. दहाला होडी चिखलातून उठली. अकराला तरंगायला लागली. बाराच्या पुढे तलाव काठाला लागला, आणि झोपडीच्या दारात दाटीवाटीने उभी राहिलेली मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

धर्माजी त्यांच्याकडे बघत राहिला. तलाव रिकामा नसता तर हे पाणी आत्ता त्यांच्या वखारीत असतं. ते त्या पाण्यालाच टाळ्या वाजवत होते.

दोनला पाऊस थांबला, ऊन पडलं. सगळे आलटून पालटून होडीत बसले. धर्माजी मात्र आळीकडे पळाला. रस्ता ओला, पण उंबरे कोरडे. राही बाळाला शेक देत होती. "बा, येवढ्या पावसात कुटं फिरताव?" म्हणून तीच त्याला रागावली. तो हसला आणि त्याच पावली परत पळाला. आता तरी सांगता येईल, असं त्याला वाटलं.

"सायेब, बघून आलो. आळी कोरडी हाय!"

"तेच तर मी म्हणत होतो!" वकील होडीतून उतरत म्हणाले. "एवढा पाऊस झाला, तलाव काठोकाठ भरला, तरी आळीत थेंब नाही. उगाच घाबरतोस. आणि हो, जुनं गढूळ पाणी काढून ताजं भरून ठेवलंस, ते मात्र झकास केलंस. सकाळी मी उगाच बोललो."

संध्याकाळी ओहोटी तळाला गेली तेव्हा धर्माजी चाकाकडे गेला, तर चौघांनी त्याला अडवलं. एवढं सुंदर पाणी सोडतोस काय रे?

पुढच्या गुरुवारी कमिटीची सभा भरली. दसऱ्यापर्यंत तलाव भरलेला ठेवावा असं ठरलं. कुणी चुकून पाणी सोडू नये म्हणून चावी कचेरीत जमा झाली. धर्माजीला नोकरीवरून काढलं नाही. उलट वकिलांनी त्याला सगळ्यांसमोर अबोली रंगाचा पटका बांधला. लोकांनी कौतुक केलं. त्याने वाकून नमस्कार केला. आपला मान होतोय की कान उपटले जातायत, हे त्याला कळेना. कुणाला विचारणार?

तो पटका डोक्यावर असतानाच तो कचेरीतून सरळ खालच्या आळीत गेला. वाटेत त्याने पौर्णिमेच्या उधाणाला किती दिवस आहेत ते मोजून घेतलं.

"राही, सामान बांध. झोपडीवर चल माझ्यासंगं."

"का? पानी आलंय?"

"न्हाय."

"येनार हाय?"

"ठाव न्हाय गो."

"मग ओल्या बाळंतिनीनं घर कशापायी सोडायचं?"

धर्माजीला नीट सांगता येईना. वकिलांना जे सांगता आलं नाही ते आता दारात उभं राहून काय सांगणार? त्याने गोधडीसकट बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. त्याचा चेहरा बघून राही भिंतीचा आधार घेत उठली.

पलीकडच्या पडवीत भागुबाई तांदूळ निवडत होती. तलावाचा राखणदार पटका बांधून आपल्या लेकीला आळीतून घेऊन चालला आहे, हे तिने पाहिलं. ती सूप उचलून आत गेली आणि जमिनीवरची भांडी एकेक करून माळ्यावर चढवायला लागली.