पाकातलं लिंबू

१० जानेवारी १९५४. तीळ निवडून, धुऊन, वाळवून झाले होते. शेगडीवर परात ठेवून मी हलवा करायला बसले होते.

त्या वर्षी हलवा नीट होणं भाग होतं. घरात नवी सून आली होती आणि तिची पहिली संक्रांत होती. काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालून ती हळदीकुंकवाला बसणार, आणि राजारामपुरीतली आमची अख्खी गल्ली ते बघायला येणार. दागिने सासूनं करायचे असतात. सासू मी. पण माझ्या हलव्याला कधी काटा आलेला नव्हता. तीळ पाकात घोळून फुगायचे, गुळगुळीत व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना चिकटून बसायचे.

काटा यायचा तो माझ्या धाकट्या जावेच्या हलव्याला. दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, मधे एकच अंगण. ती मुरगूडची. तिचा हलवा असा पांढरा, टोकदार, सुटासुटा असायचा की बायका वाटी हातात घेऊन उजेडाला धरायच्या. ‘काटा हातात असावा लागतो,’ असं म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्याकडे बघायच्या. माझ्या पाकातल्या पुऱ्या गल्लीत कुणाला जमत नसत, पण पुऱ्या उजेडाला धरून कोण बघतं?

तिचं काहीतरी गुपित असणार अशी माझी खात्री होती. मागे एकदा विरजणाचं निमित्त काढून मी तिच्या स्वयंपाकघरात डोकावून आले होते. तीच साखर, त्याच दुकानातली. तसलीच परात. पाकावरची मळी काढायला थोडं दूध, बस्स. काही सापडलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

त्या दिवशीही तीळ चिकटायला लागले. जाऊ दारात येऊन उभी राहिली.

“अक्का, सूनबाईचं दागिनं मी करते की. तुमच्या मागं कामं काय थोडी हायत व्हय?”

“बघते मी,” मी म्हणाले.

“बघा बघा. न्हायतर पुऱ्यांचीच माळ घालू पोरीला.” ती हसत गेली. माझी सूनही हसली. जावेचं मला नवीन नव्हतं, सुनेचं हसणं लागलं. दुपारी मोकळी झाली की ती जावेच्या शेगडीपाशी जाऊन बसायची, तेही मी बघत होतेच.

सून कॉलेजात सायन्स घेऊन इंटरपर्यंत शिकलेली. परातीतला एक तीळ बोटांत दाबून तिनं विचारलं, “आई, पाकात लिंबू पिळता का?”

“पिळते. लिंबानं पाक कसा काचेसारखा राहतो. खडा धरत नाही.”

“मग काटा कुठून येईल? काटा म्हणजे खडाच.”

मी हात थांबवला. तिनं सांगितलं ते असं. आपली साखर म्हणजे दोन लहान साखरा एकमेकींना धरून राहिलेल्या. आंबट घालून उकळलं की पाणी त्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना तोडतं. स्वतःही दोघींत वाटलं जातं, परत निघत नाही. अशा फुटलेल्या साखरा मग उरलेल्या साखरेला खडा धरू देत नाहीत. वर हवेतली ओल ओढतात, म्हणून चिकटतात. पुऱ्यांना तेच हवं असतं, हलव्याला नको.

“पाणी काय सगळ्यालाच फोडतं?” मी विचारलं.

“नाही. मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणी असतंच. तापवला की पाणी उडतं, पांढरी पूड राहते. पाणी शिंपडलं की पुन्हा निळा. तिथं पाणी नुसतं बिऱ्हाडाला असतं, घर मोडत नाही.”

घर मोडणारं पाणी म्हटल्यावर मला कोण आठवलं ते मी सुनेला सांगितलं नाही. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. जावेच्या हातात काही नव्हतं. तिच्या पाकात लिंबू नव्हतं, एवढंच. इतकी वर्षं मी त्या हातावर जळत होते. तो बिघडलेला पाक मी पुऱ्यांसाठी बरणीत भरून ठेवला आणि परात घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखर आणि पाणी, एवढंच उकळायला ठेवलं. मळी दुधानं काढली. निखारे विझत आलेले घेतले. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा, कोरडा होईपर्यंत बोटांनी हलवत राहायचं, मग पुढचा चमचा. बोटं भाजली. बऱ्याच वेळानं तिळांवर बारीक टोकं दिसायला लागली.

जाऊ दारात आली, थबकली.

“आज लिंबवाचा वास न्हाय आला, अक्का.”

म्हणजे दर वर्षी तिला वास येत होता. आणि दर वर्षी ती माझे चिकट तीळ बघून गप्प घरी जात होती.

“लिंबं संपली,” मी म्हणाले. टोपली माझ्या मागेच होती, भरलेली. “आणि सूनबाईचे दागिने मीच करतेय. तू वाणाचं बघ.”

ती गेल्यावर मी सुनेला हाक मारली आणि परातीसमोर बसवलं. दुपारी तिला त्या शेगडीपाशी जायला सवड मिळू नये, एवढे तीळ मी तिच्यापुढे ओतले.