तीन पाळ्यांचं पाणी

भोपाळच्या कारखान्यातल्या आमच्या युनियन ऑफिसात बाबांनी निवृत्त होताना दिलेला पाम पिवळा पडला होता. सचिव सोमवारी तो फेकणार होते, म्हणून मी टाउनशिपच्या ठेक्यावरच्या माळ्याला ओढतच आणलं. त्याने कुंडीत बोट खुपसलं, माती हुंगली.

"पानी कौन देता है, भैया?"

"तीनों पाली वाले, रोज," मी अभिमानाने म्हणालो.

"आठ घंटे की ड्यूटी तुमने लड़कर ली, और इसे चौबीस घंटे पिलाते हो?" हसत हसत त्याने कुजलेली मुळं छाटली.

महिन्याभरात हिरवा कोंब आला. मी धावत माळ्याला सांगायला गेलो. साहेबांच्या बागेत त्याच्या कामाचा बारावा तास चालू होता.

"पानी तो नहीं दिया किसी ने?" एवढंच त्याने विचारलं.

त्याच संध्याकाळी मी युनियनच्या पत्रकातली पहिली मागणी बदलली: ठेक्यावरच्यांनाही आठ तास.