बिनफळांची जुडी

टेनबरीच्या बाजारात डिसेंबर उजाडला की बांडगुळाचे ढीग लागत. गुरांच्या आवारात चिखलावर पेंढा पसरायचा आणि त्यावर हिरव्या जुड्या रचायच्या. बर्मिंगहॅमचे व्यापारी यायचे, जुड्या उचलून झटकायचे, पांढरी फळं मोत्यांसारखी टपोरी आहेत की नाहीत ते बघायचे, नाक मुरडायचे आणि शेवटी घेऊन जायचेच. नाताळात ज्या घरात बांडगूळ टांगलेलं नाही, त्या घरात तरुण माणसं नाहीत की काय, असं लोकांना वाटे.

त्या बाजारात थर्झा प्रीस या म्हातारीच्या जुड्या सगळ्यांत देखण्या असत. फळांनी अशा लगडलेल्या की खाली ठेवताना हलक्या हातानं ठेवाव्या लागत. पण तिच्या घरी गेलं, तर स्वयंपाकघरात तुळईला जी जुडी टांगलेली दिसे, तिच्यात औषधालासुद्धा एक फळ नसे. नुसती पानं आणि काटक्या.

"काय हे, म्हातारे," एक व्यापारी दरवर्षी न चुकता म्हणायचा, "गावाला मोती वाटतेस आणि आपल्या घरात हा पाला?"

"मला हाच हवा," थर्झा म्हणायची, आणि त्याला सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला द्यायची. सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते व्यापाऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

ती चौदाव्या वर्षी बाउंड्स यांच्या मळ्यावर दूधघरात कामाला आली. आई लहानपणीच गेलेली, बाप दुसरीकडे मेंढ्यांमागे. लोणी काढून काढून तिचे हात बाराही महिने गार असायचे. मालकीणबाई, म्हणजे मिसेस बाउंड्स, तोंडानं फटकळ, पण पोटात माया. "थर्झा, तुझे हात म्हणजे देवानं लोण्यासाठीच घडवलेत," त्या म्हणायच्या. "नवऱ्याचं मात्र काही खरं नाही."

मळ्याच्या सफरचंदांच्या बागा एली प्रीस आणि त्याचा नोआकाका सांभाळायचे. फांद्या छाटायच्या, थंडीत लांब आकडीनं बांडगूळ उतरवायचं. एली बोलायला कमी. दूधघराच्या खिडकीत तो रोज एक सफरचंद ठेवून जाई, आणि थर्झा त्याच जागी ताकाचा मग ठेवी. दोन वर्षं हे असं चाललं. मळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि या दोघांना वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही.

अठराशे त्रेपन्नचा नाताळ. पाद्रीबाबांच्या घरी त्या वर्षी राणीच्या नवऱ्याच्या देशातली नवी टूम आली होती, घरात आख्खं झाड उभं करून त्यावर मेणबत्त्या लावायच्या. मळ्यावर मात्र जुनंच. लाकडी कड्याला हिरव्या डहाळ्या गुंडाळायच्या, लाल सफरचंदं लटकवायची, आणि खाली बांडगुळाची जुडी. रीत अशी की जुडीखाली सापडलेल्या मुलीचा मुका घ्यायचा, तर आधी एक फळ तोडायचं. फळं संपली की मुकेही संपले. मग कुणी कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

दुपारपर्यंत पोरांनी जुडी ओरबाडून टाकली होती. एकच फळ उरलं होतं. थर्झा परातीत प्लमचं पुडिंग घेऊन जुडीखालून निघाली, आणि सगळ्यांनी एलीला पुढे ढकललं.

एलीनं हात वर करून फळ तोडलं. सगळे टाळ्या पिटायला लागले. पण तो मुका घेईना. फळ मुठीत धरून म्हणाला, "थर्झा, जरा बाहेर येतेस?"

"अरे, बाहेर कशाला?" मालकीणबाई ओरडल्या. "थंडीनं ओठ चिकटून बसतील तुमचे!"

दूधघरामागं एक जुनं सफरचंदाचं झाड होतं. तिथं थांबून एली म्हणाला, "परवा मी निघतोय. कॅनडात रेल्वेचे रूळ टाकायला माणसं नेताहेत. इथं काकाच्या माळ्यावर झोपून मी तुला कुठं आणू? परत आलो की आपलं छप्पर करू."

त्यानं तिचा गार हात धरला, फळ चिमटीत फोडलं आणि आतली चिकट बी एका फांदीच्या खालच्या अंगाला, साल जिथं मऊ होती तिथं, तिच्याच बोटानं दाबून बसवली.

"फळ तोडलंय. मुका राहिलाय," तो म्हणाला. "तो परत आल्यावर. ही बी रुजली, तर समज की माझा शब्द जिवंत आहे."

"किती दिवस?"

"दिवस कसले! तिला फळ धरेपर्यंत. पाच-सहा वर्षं लागतात."

एवढंच बोलला. एक गोष्ट सांगायची राहून गेली. बांडगूळ रुजलं तरी पहिली दोन वर्षं ते दिसत नाही. सालीच्या आत मूळ सरकत असतं, वर नुसता एक करडा ठिपका. तिसऱ्या वर्षी कुठं दोन पानं फुटतात. एली बागेतच वाढलेला, त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, तसं तोही कुणाला शिकवायला गेला नाही. आपल्या रोजच्यातलं दुसऱ्याला माहीत नसेल, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

पहिल्या वसंतात थर्झा दूध काढायला जाता-येता त्या फांदीखाली मान वाकडी करून बघायची. ठिपका. उन्हाळ्यात ठिपका. पुढच्या नाताळात ठिपका, आणि त्यावर शेवाळ. दुसरं वर्षही तसंच गेलं. कॅनडाहून चिठ्ठी नाही, निरोप नाही. एलीला लिहिता येत नव्हतं हे ती जाणून होती, पण मन काही जाणत नव्हतं. ती रोज प्रार्थना करायची, 'देवा, त्याला सुखरूप ठेव,' आणि मग घाईघाईनं, कुणी ऐकू नये असं, 'आणि ती बी.'

शेवटी एकदा मालकीणबाईंना तिनं सांगितलं. त्या लोणी थापता थापता थांबल्या.

"पोरी, दोन वर्षांत बी रुजली नाही ना? मग ती मेली. मेलेल्या बीला पाणी घालत बसू नये."

त्या दिवसापासून थर्झा दुधाच्या बादल्या घेऊन दूधघराला पलीकडून वळसा घालायला लागली. ते झाड नजरेलाच पडायला नको.

तिसऱ्या वर्षी पवनचक्कीवाला गफ मळ्यावर पीठ द्यायला आला तो पोती उतरवून झाल्यावरही घुटमळला. बायको जाऊन चार वर्षं झालेली, चाळिशीचा, सावकाश बोलणारा. त्या दिवशी कॉलर इस्त्रीची होती.

"थर्झा," तो म्हणाला, "माझ्या घरी चूल आहे, पण चुलीशी बोलायला कुणी नाही. विचार कर."

तिनं आठ दिवस विचार केला. माणूस चांगला, दारू नाही, शिवीगाळ नाही. तिनं हो म्हटलं. लग्न नाताळच्या दिवशी ठरलं, कारण त्या दिवशी पवनचक्की बंद आणि साऱ्या गावाला सुट्टी, म्हणून गरिबांची बरीच लग्नं त्याच दिवशी लागायची. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांच्या नावाचा पुकारा होई, कुणाची हरकत असेल तर ती तेव्हाच सांगायची. पहिला पुकारा झाला, दुसरा झाला. मालकीणबाईंनी लग्नाच्या झग्यासाठी करड्या लोकरीचं कापड आणलं आणि मापंही घेतली.

तिसऱ्या पुकाऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नोआकाका बाजारासाठी बांडगूळ उतरवत होता. मालकीणबाईंनी थर्झाच्या हाती त्याला गरम सायडर पाठवलं. नोआकाका नेमका दूधघरामागच्या झाडाला शिडी लावून उभा. जावंच लागलं.

"ये, ये, नवरीबाई," तो वरून म्हणाला. "हे बघ, हे कुणी लावलं?"

"काय?"

"पाखरानं टाकलेलं नाही हे. पाखरू फांदीच्या वर घाण करतं, खाली नाही. माणसाच्या बोटानं लावलंय. आणि काय छान धरलंय! तिसरं वर्ष."

थर्झा फांदीखाली आली. त्या जागी दोन पानं उभी होती. सशाच्या कानांएवढीही नाहीत, उंदराच्या कानांएवढी. पण हिरवीगार.

"काका, मी दोन वर्षं बघत होते. इथं काहीच नव्हतं."

"दोन वर्षं दिसणार कसं? दोन वर्षं ते आत घुसत असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!" मग त्यानं खाली तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पानांकडे. शिडीवरून एक पायरी उतरला. "एलीनं लावलं होय?"

सायडरचा मग तिच्या हातात तसाच निवला.

रविवारी चर्च हॉलीच्या डहाळ्यांनी आणि आयव्हीच्या वेलींनी सजवलं होतं. बांडगूळ मात्र तिथं चालायचं नाही, ते जुन्या, देवाला न मानणाऱ्या लोकांचं, असं पाद्री ऑल्डिंग सांगायचे. थर्झा मालकीणबाईंशेजारी बसली होती. रात्री गफकडे जाऊन सांगावं असं तिनं दहादा ठरवलं होतं आणि दहादा ती दारातूनच परत फिरली होती. आता ती डोळे मिटून देवाला एवढंच म्हणत होती की मला बोलायचा धीर दे.

पाद्रीबाबांनी नावं वाचली. "ही तिसरी आणि शेवटची वेळ. कुणाची हरकत असेल तर सांगा."

"माझी आहे," थर्झा म्हणाली.

साऱ्या चर्चनं माना वळवल्या. पाद्रीबाबांनी चष्मा काढला. "थर्झा, अगं, तू तर नवरी आहेस."

"म्हणूनच सांगतेय, पाद्रीबाबा."

"कारण?"

बांडगुळाचं नाव त्या भिंतींच्या आत काढायचं कसं? "मी आधी एकाला शब्द दिला होता," ती म्हणाली. "तो शब्द मेला असं समजून मी हो म्हटलं. काल कळलं, तो जिवंत आहे."

मालकीणबाईंनी तिचा झगा ओढून तिला खाली बसवलं आणि बसवल्यावर तिचा हात सोडला नाही.

बाहेर गफ फाटकाशी थांबला होता. टोपी हातात. "हे घरी येऊन सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, थर्झा."

"धीर झाला नाही. चुकलंच माझं, मिस्टर गफ."

"साऱ्या गावासमोर झाला की." तो थोडं हसला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "जा. थंडी आहे."

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? बाजारात बाया म्हणायच्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. आता बस बांडगुळाशी संसार करत." करडं लोकरीचं कापड पेटीत गेलं. पुढच्या वर्षी गफनं मालकीणबाईंच्या भाचीशी लग्न केलं, आणि थर्झानं त्यांच्या जेवणासाठी लोणी करून दिलं. रोज ती त्या झाडाखालून जायची. दोनाची चार पानं झाली, चाराच्या फांद्या फुटल्या. पाचव्या वर्षी जुडी मुठीएवढी झाली. फळ मात्र नाही. सहाव्या वर्षीही नाही. नोआकाकानं डोळे बारीक करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नर आहे गं हा. नराला फळ धरत नाही कधी."

'फळ धरेपर्यंत' असं एली म्हणाला होता. त्या रात्री थर्झानं प्रार्थना केली ती फक्त सुखरूप ठेव एवढीच.

त्या वर्षी नाताळ रविवारी आला. चर्च उरकून सगळे मळ्याच्या स्वयंपाकघरात जमले होते. नाताळच्या जेवणाचा हंस भट्टीत होता. कड्याखालच्या जुडीतली फळं पोरांनी केव्हाच संपवली होती. दार उघडलं आणि एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, चालताना उजवा पाय ओढत होता. आधी कुणी ओळखलं नाही. थर्झानं ओळखलं, कारण तो आत येऊन पहिल्यांदा लागूनच असलेल्या दूधघराच्या खिडकीकडे वळला आणि खिशातून एक सफरचंद काढून तिथं ठेवलं.

दूधघरातली डायना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उशीर केलास, एली! फळं संपली. आता मुका नाही."

सगळे हसले. थर्झा हसली नाही. "चिठ्ठी नाही, काही नाही," ती म्हणाली. "सहा वर्षं."

"मला लिहिता येतं का? आणि असलं काय दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायचं!" तो खाली बघत म्हणाला. "तुला दिसत होतंच ना झाडावर?"

"दिसत होतं म्हणे! दोन वर्षं दिसत नाही, हे सांगायला काय झालं होतं? अरे मूर्खा, मी दुसऱ्याशी लग्न करायला निघाले होते!"

हे एलीच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

दोघं झाडाखाली गेले. थर्झानं जुडी दाखवली. "बघ तुझा शब्द. नर निघाला. एक फळ नाही. रीत ठाऊक आहे ना? फळ नाही तर मुका नाही."

एलीनं जुडीच्या बुडाशी, बी बसवली होती तिथं, बोट फिरवलं. मग म्हणाला, "फळ कशाला हवं? आपलं फळ तर तोडून झालंय. सहा वर्षांपूर्वी. त्याचा मुका तेवढा राहिलाय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मालकीणबाई ओरडल्या, "थर्झा, अगं, हंस करपतोय!"

थर्झानं आयुष्यात काहीही करपू दिलं नव्हतं. तो एक हंस करपला.

जानेवारीत तिनं पेटीतलं करडं कापड काढून शिवलं आणि चर्चमध्ये उभी राहिली. तिच्या गळपट्टीतून दोन हिरवी पानं डोकावत होती. पाद्री ऑल्डिंगनी ती पाहिली, चष्मा सारखा केला, आणि पुढचं वाचायला घेतलं. गफ मागच्या बाकावरून डायनाला म्हणाला, "या वेळी तिची हरकत नाही ना, विचारा आधी."

पुढं एलीनं त्याच झाडावर आणखी बिया लावल्या, त्यांतल्या बऱ्याच मादी निघाल्या आणि फळांनी लगडल्या. त्यांच्याच जुड्या थर्झा बाजाराला न्यायची. "शेजारी नर असल्याशिवाय यांना फळ धरत नाही," एली म्हणायचा आणि मिशीत हसायचा. तो गेला त्याला आता चार नाताळ झाले. थर्झा अजून शिडी धरायला शेजाऱ्याला बोलावते, वर चढून फांदीच्या खालच्या अंगाच्या त्या नराची एक जुडी स्वतः कापते, घरी आणून तुळईला टांगते, आणि सायडर गरम करायला ठेवते.